शकूताईंची पश्मी

आमच्या डोंबिवली पश्चिमेच्या सोसायटीत तक्रारींसाठी एक वही आहे. तीत एकाच आठवड्यात तीन जणांनी एकच मजकूर लिहिला : चौथ्या मजल्यावरच्या सूर्यवंशीबाई आपल्या कुत्र्याला उपाशी ठेवतात. मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालेलो. कुत्र्यांची मला लहानपणापासून धास्ती. तरी वही काखेत मारून वर गेलो आणि बेल वाजवली.

दार उघडलं ते साठीच्या, उंच, सुती साडी नेसलेल्या बाईंनी. त्यांच्या मागे पॅसेजमध्ये एक कुत्री उभी होती. असं जनावर मी आधी पाहिलं नव्हतं. लांब निमुळतं तोंड, पाठीला लागलेलं पोट, बरगड्या तर लांबूनही मोजता याव्यात. पण कानांवरून, पायांच्या मागून आणि शेपटीवरून मधाच्या रंगाचे मऊ, लांब केस लोंबत होते. ती भुंकली नाही की जवळ आली नाही. माझ्या खांद्यावरून जिन्याच्या खिडकीबाहेर बघत राहिली, जणू मी तिथे नव्हतोच.

मी वही उघडून मजकूर वाचून दाखवला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"ती बारीक नाही हो सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "ती तयार आहे."

"कशाला तयार?"

"पळायला. हिच्या जातीची कुत्री अशीच असतात. या आत, तिची जेवायची वेळच झालीय."

दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि वर दोन उकडलेली अंडी, एवढं सगळं ती कुत्री माझ्यासमोर सावकाश जेवली. ते झाल्यावर बाईंनी माझ्याच हातातली वही घेतली आणि तिन्ही तक्रारींखाली सुरेख अक्षरात लिहिलं : 'सेक्रेटरींच्या समक्ष पोटभर जेवली.' खाली माझी सही घेतली.

त्या शकुंतला सूर्यवंशी, पुढे आमच्या सगळ्यांच्या शकूताई. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ट्रेसरचं काम केलं होतं. यंत्रांची चित्रं पारदर्शक कागदावर शाईने उतरवायची. लग्न केलं नाही. फ्लॅट स्वतःच्या कमाईचा. मूळ गाव लातूरकडचं. तिथे त्यांच्या वडिलांच्या शेतावर ही कुत्री असायची. आखूड केसांची ती कारवानी आणि अशी केसाळ ती पश्मी. पश्म म्हणजे मऊ लोकर, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा धाकट्या भावाने, दत्ताने, घरच्या विणीतलं एक पिल्लू आणून दिलं. कानांवरचे केस दोन्ही बाजूंना लोंबतात म्हणून भाचीने नाव ठेवलं, वेणी.

रोज संध्याकाळी पाच वाजता त्या गॅलरीत बसून वेणीचे केस विंचरत. मीही हळूहळू तिथे चहाला जाऊ लागलो. पहिला महिनाभर वेणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा मी चिडून दहा-बारा वेळा तिच्या नावाने हाका मारल्या. ती गॅलरीतून दिसणाऱ्या खाडीकडे तोंड करून उभी.

"ऐकू येत नाही का हिला?"

"ऐकलंय तिनं. विचार करतेय," शकूताई म्हणाल्या. "इतर कुत्री वासावर चालतात, ही नजरेवर. तिला बोलवू नका. शेजारी उभे राहा आणि तिला काय दिसतंय ते बघा."

मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मला दिसलं की पार पलीकडच्या काठावर चिखलात एक बगळा चालतोय. तेवढ्यात माझ्या गुडघ्याला काहीतरी मऊ लागलं. वेणी टेकली होती. माझी धास्ती त्या दिवशी गेली.

दोन वर्षांनी शकूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वेणीला फिरवायची जबाबदारी मी आपणहून घेतली. "पट्टा मनगटात अडकवा, नुसता हातात धरू नका," असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. अठरा दिवस मी तसंच केलं. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी मोबाइल वाजला म्हणून पट्टा या हातातून त्या हातात घेतला आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाची फटाक्यांची माळ लागली. हाताला एक हिसका बसला. मी वळून पाहिलं तर रस्त्यावर वेणी नव्हती.

शकूताईंना जाऊन सांगितलं. वॉकर धरून त्या उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या दिशेला?"

दोन दिवस आम्ही शोधलं. फोटोचे कागद चिकटवले. लोकांनी मनापासून मदत केली, पण ती दिसली की तिच्या मागे धावले, आणि ती आणखी लांब गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दिवा गावाच्या बाजूला खाडीलगत शेत असलेल्या मथुराबाई बोलत होत्या. "ती केसाली कुतरी आमचे शेतान उभी हाय. जवल गेला का पलते."

"रिक्षा बोलवा," शकूताई म्हणाल्या.

"ताई, तुमचा गुडघा..."

"गुडघा माझाच आहे ना? बोलवा."

खाजणातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं ते पडीक शेत, मधूनमधून पाणी साचलेलं. लांब बांधावर वेणी उभी होती. केसांना चिखलाच्या गाठी, पट्टा तुटलेला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर शकूताईंनी माझा दंड घट्ट धरला.

"पळणाऱ्याच्या मागे पळालं की त्याला वाटतं आपण पळतोय तेच बरोबर. मला खाली बसवा."

डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली होती. मी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. मथुराबाईंनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना ओल्या बांधावर टेकवलं. ऑपरेशनचा पाय सरळ पुढे. पाठ वेणीकडे.

"तुम्हीही बसा. मागे बघायचं नाही. बघणं तिचं काम आहे."

आम्ही तिघं तासभर तसेच बसलो. वेदनेने शकूताईंच्या कपाळावर घाम आला होता, पण त्या मथुराबाईंशी भाताच्या जातींबद्दल बोलत होत्या. मग बोलता बोलता त्या गप्प झाल्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. वेणीने आपली लांब मान त्यांच्या खांद्यावर ठेवली होती. शकूताईंनी लगेच हात नाही लावला. आधी डोळे मिटले. मग हात वर केला.

त्यांना उठवणं हे बसवण्याहून कठीण गेलं. रिक्षात बसल्यावर मी माफी मागायला लागलो, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या रिक्षाशेजारी उभ्या असलेल्या मथुराबाईंना विचारत होत्या, "तुम्ही तिला पळताना बघितलंत? कशी पळाली?"

"काय सांगू बाय! पाय दिसलंच नाय. नुसतं केस उडत व्हतं वाऱ्यान."

शकूताईंनी हे त्यांच्याकडून तीनदा सांगून घेतलं. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सेक्रेटरी, पाच वर्षं मी हिचे केस विंचरतेय. पण हिला पळताना मी एकदाही बघितलेलं नाही. परक्या बाईनं बघितलं."

चार महिन्यांनी, गुडघा नीट झाल्यावर, त्यांनी गावी राहायला जायचं ठरवलं. सोसायटीत सगळ्यांनी समजावलं. दवाखाना जवळ नाही, या वयात नवी घडी कशी बसायची, आणि तेही एका कुत्र्यासाठी?

"तिच्यासाठी कुठे?" शकूताई म्हणाल्या. "बघायचंय मला."

त्या जानेवारीत मी त्यांच्या गावी गेलो. दत्ताच्या शेतात तूर नुकतीच काढून झाली होती. शकूताईंनी वेणीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि बाजूला झाल्या. वेणी आधी नुसती उभी राहिली, दूरवर काहीतरी पाहत. मग ती निघाली. जमिनीला लागून मधाच्या रंगाची एक रेघ सरकत गेली, शेताच्या टोकाला वळली आणि आमच्या दिशेने येऊ लागली. सगळे पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले, कानांवरचे केस मागे सपाट. शकूताई काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होत्या. मी त्यांना तसं हसताना डोंबिवलीत कधी पाहिलं नव्हतं.

वेणी पुढे पाच वर्षं जगली. ती गेल्याचं कळल्यावर मी शकूताईंना म्हटलं, आता परत या, फ्लॅट मी झाडून घेतलाय. त्या म्हणाल्या, "नाही हो, इथं काम लागलंय." गावातल्या शाळेच्या चार मुली पोलीस भरतीसाठी धावायचा सराव करत होत्या. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. शकूताई स्वतः आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या, पण नुसतं बघून त्या सांगू लागल्या : तुझा उजवा खांदा वर जातोय, तू जमिनीकडे बघतेस, समोर बघ. त्यांतली दत्ताची मुलगी आणि आणखी एक पुढे भरती झाल्या, आणि त्यांच्या जागी नव्या मुली सरावाला येऊ लागल्या.

शकूताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी मी त्यांना फोन केला होता. सोसायटीच्या गच्चीच्या दुरुस्तीचं काहीतरी सांगत होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "थांबा जरा सेक्रेटरी, येताहेत."

त्यांनी फोन बंद केला नाही. मी कानाला धरून ठेवला. आधी फक्त वारा ऐकू येत होता. मग लांबून पावलं येऊ लागली, मोठी होत गेली, अगदी जवळून धडधडत गेली, आणि त्या आवाजावर शकूताई ओरडल्या, "शाब्बास गं! अजून लांब टाक पाऊल! लांब!"