गुंटरसाहेबांचा अंगठा

दुपारचं जेवण झालं आहे. सामन्याच्या दिवशी निवृत्ती मास्तर दहीभाताशिवाय काही खात नाहीत. मालन वाढते आणि गप्प राहते, कारण अशा दिवशी नवऱ्याशी बोलणं म्हणजे तापल्या तव्यावर हात ठेवणं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं आहे. मास्तर घराच्या पुढच्या सोप्यातल्या खाटेवर आडवे होतात. उजवा गुडघा आता कुठल्याच कुशीला मानवत नाही, म्हणून त्याच्याखाली चादरीची घडी. तोंडावर वर्तमानपत्र. कागदातून झिरपणारं ऊन पिवळं दिसतं आणि अक्षरं उलटी.

डोळ्यांवर झापड येते आहे, पण मनात नंदू काही हलत नाही.

नंदू म्हणजे राजनंदिनी सुतार, मास्तर कोच असलेल्या वरच्या गल्लीच्या तालमीच्या मुलींच्या फुटबॉल संघातली स्टॉपर. लहान मुलांना शिकवताना मास्तर सांगतात, "बाळांनो, गोलकीपर म्हणजे घराचं दार. आणि दाराला आतून जो अडसर लावतात, तो स्टॉपर. अडसर निघाला की दार नुसतं शोभेला." आज संध्याकाळी अंतिम सामना आहे, निवड करणारी माणसं मुंबईहून आलेली आहेत, आणि या अडसराचा गुडघा परवाच्या सामन्यात वळला आहे. मैदानावर जाण्याआधी ती घरी येणार, मास्तर अंगठा लावणार, आणि ती खेळणार की नाही ते ठरणार.

अंगठा ही त्या तालमीची जुनी रीत. दुखापत झालेल्या खेळाडूला बसवायचं, मोजा खाली करायचा, आणि कोचनं दुखऱ्या जागी अंगठा रोवायचा. तोंडावरची रेघ हलली तर बाकावर, नाही हलली तर मैदानात. डॉक्टर, एक्स-रे, सगळं नंतर. ही रीत कोल्हापूरची नव्हे. ती आणली गुंटर वेसलिंग नावाच्या जर्मन माणसानं. तालमीच्या अध्यक्षांनी एके काळी त्याला मोठ्या हौसेनं दोन हंगामांसाठी आणलं होतं. इकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, त्यामुळे पोरांनी पाठीमागं त्याचं नाव 'पातेलं' ठेवलं होतं. तेव्हा तालमीच्या संघाचा स्टॉपर होता निवृत्ती इंगवले, म्हणजे आजचे मास्तर.

वर्तमानपत्र श्वासाबरोबर वरखाली होतं आहे. मग होत नाही. कोणीतरी ते उचललं आहे आणि वाचतं आहे.

"फुटबॉलचं एवढंसंच छापलंय की रे," खाटेच्या पायथ्याशी बसलेला माणूस म्हणतो. "कुस्तीला अर्धं पान."

लाल मान, निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. गुंटरसाहेब. मास्तर उठून बसतात आणि त्यांना आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

"साहेब, तुम्हाला मराठी येतं?"

हा माणूस इथं होता तेव्हा त्याला 'पळ', 'थांब', 'पाणी' आणि एक शिवी, एवढंच येत होतं.

"मेल्यावर येतंय सगळं. दात जात्यात, भाषा येती. पातेलं म्हणत होता न्हवं मला?"

"पोरं म्हणायची."

"तू न्हाई?"

"मीपण म्हणायचो."

"आसू दे. पातेल्याला पोचा येतोय, पण ते मरत न्हाई. चल, ऊठ."

स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की आत तालमीची तांबडी माती आहे. मालन मातीत बसून तांदूळ निवडते आहे. ती मास्तरांकडे बघत नाही. सुपातले काळे खडे काढून बाजूला टाकते, टाकतच राहते, आणि खड्यांचा ढीग वाढत वाढत तिच्या खांद्याएवढा होतो. माती आता काळी आहे. दूर एक लोखंडी चाक फिरतं आहे आणि त्याखाली माणसं पाळण्यात बसून जमिनीत उतरत आहेत.

"माझं गाव," साहेब म्हणतात. "कोळशाचं. बाप खाणीतनं आला की फक्त डोळं वळखू यायचं."

"इथं खेळायचात?"

"हितंच. चेंडूपण काळाच. सांज झाली की दिसायचा न्हाई. पायानं ऐकायचा." ते खाली वाकून माती हुंगतात. "अठराव्या वर्षी क्लबानं घेतलं मला. बाप म्हटला, बरं झालं, घरातलं एक तरी माणूस वर राहील."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे जमिनीच्या वर, लेका. आमच्यात तेवढीच मोठी नोकरी."

निवृत्ती मास्तर हसतात. हसताना त्यांच्या लक्षात येतं की आपल्या गळ्यात शिट्टी आहे, आणि साहेबांच्या नाही. भिंतींना पांढऱ्या फरशा लागल्या आहेत. बाहेर हजारो माणसं पाय आपटत आहेत, त्याचा दणका फरशांतून येतो. बाकावर एक तरुण पोरगा बसला आहे. त्याची मान अजून लाल झालेली नाही. डावा मोजा घोट्यापर्यंत खाली. बाकाखाली इंजेक्शनची सुई पडली आहे.

"लाव अंगठा," तो तरुण गुंटर म्हणतो.

"मी कशाला?"

"शिट्टी कुणाच्या गळ्यात हाय? लाव."

मास्तर अंगठा रोवतात. तो आत जातो. कणीक नीट मळली नसेल तर बोट जसं जातं, तसा जातो, आणि आत कुठंतरी काहीतरी तुटकं तरंगत असल्यासारखं हाताला लागतं. पोरगा हसतमुख. तोंडावर रेघ नाही.

"दुखतंय?"

"अजिबात न्हाई."

"तोंडाकडं बघू नको," आता शेजारी म्हातारे साहेबही उभे आहेत. "तोंड सगळ्यांचं खोटं बोलतंय. वरच्या ओठावर बघ."

वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले आहेत. मोहरीएवढे.

"त्या दिवशी जिंकलो असतो तर क्लब वरच्या गटात जाणार हुता," साहेब सांगतात. "दुसऱ्या अर्ध्यात गुडघा पार गेला. सत्ताविसाव्या वर्षी. त्यानंतर कुठलाबी जिना कठडा धरल्याबिगर उतरलो न्हाई. मग काय करणार? कोच झालो. ज्याला खेळता येत न्हाई, ते वरडायला शिकतंय. पहिल्या क्लबानं हाकललं, दुसऱ्यानं हाकललं. तुमच्यात नारळ देत्यात. आमच्यात फोन येतोय. नारळ बरा, खाता तरी येतो. शेवटाला नकाशात सापडंना अशा गावातनं पत्र आलं. कोल्हापूर."

"आमच्याकडं तुम्ही चषक जिंकलात, साहेब."

"कुठाय त्यो?"

"तालमीत. कपाटावर."

"काय ठेवत्यात त्यात?"

"उदबत्त्या."

साहेब मान हलवतात. त्यांना हे माहीत असावं.

तांबड्या मातीचा वास परत येतो. तालमीतला मारुती आहे, शेंदूर ओला आहे, आणि त्याच्यासमोर स्टुलावर आता चोवीस वर्षांचा निवृत्ती बसला आहे. मास्तर त्याला ओळखतात. त्याची छाती किती फुगलेली आहे तेही ओळखतात. आयुष्यात त्यांनी जी एक गोष्ट मनाशी जपून ठेवली आहे, ती हीच. त्या दिवशी गुडघा आतून फाटलेला होता आणि तरी गुंटरसाहेबांच्या अंगठ्याखाली त्यांनी पापणी लववली नव्हती. जर्मन माणसाला फसवलं होतं. चषक तालमीत आला, गुडघा गेला, खेळाडू म्हणून मिळणारी रेल्वेची नोकरी हातची गेली, तरी गल्लीतून लंगडत जाताना त्यांची मान वर असायची.

"तेवढं एक मात्र तुम्हाला कळलं नाही, साहेब," मास्तर म्हणतात. आवाजात थोडा लाडिकपणा येतो, मुलं बक्षिसासाठी करतात तसा. "माझा गुडघा गेलेला होता. मी चेहरा हलू दिला नाही."

साहेब त्यांच्याकडं बघतात. मग हसायला लागतात. खोकला येईपर्यंत हसतात.

"मर्दा, मला कळलं न्हाई? नुसता अंगठा टेकला तवाच कळलं. आत पाणी हुतं. आणि तुझा ओठ कसा भिजलेला!"

"मग?"

"मग काय?"

"मग खेळवलंत कशाला?"

"दुसरा स्टॉपर बुटका हुता."

मारुतीपुढची समई तडतडते. मास्तर वाट बघतात.

"एवढंच?"

"एवढंच. तुला काय, मोठं कारण पायजे हुतं? समोरचा फॉरवर्ड उंच. आपला पोरगा बुटका. हेडिंगला गेला असता का? तू गेलास. चांगला गेलास. मी रात्री झोपलोबी चांगला."

"माझ्या आयुष्याचं..." मास्तर वाक्य तिथंच सोडतात. "एकदा तरी आठवण आली मागनं?"

"कुणाची?" साहेब विचारतात. मग त्यांच्या गुडघ्यावर थोपटतात. "चेष्टा केली. आलती, आलती. पण ऐक. मी वर गेलो न्हवं, तर पयला माझ्या कोचला शोधला. ज्यानं मला अंगठा लावला हुता, त्यो. जल्मभर एकच प्रश्न पोटात घिऊन हिंडलेला मी. त्याला गाठलं आणि इचारलं, माहीत असून खेळवलंस का?"

"काय म्हणाले?"

"म्हटला, तू कोण?"

खोलीत औषधाचा वास आहे. खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे, आवाज न करता. पलंगावर गुंटरसाहेब पडले आहेत, अगदी लहान झालेले. फक्त पाय मोठे, सुजून खांबासारखे झालेले. पांढऱ्या कपड्यातली बाई येते, नडगीवर अंगठा दाबते, कागदावर काहीतरी लिहिते आणि जाते. अंगठा उचलला तरी तिथं खड्डा राहतो. वाटीएवढा खोल नाही, पण लिंबाची फोड ठेवता येईल असा.

"सुजलेल्या पायात पडतोय," साहेब सांगतात. "लगेच भरत न्हाई. ती गेली की मी बघत पडायचो, कवा भरतोय. भरत आला की करमायचं न्हाई. वाटायचं, परत येऊन दाबावं."

"भेटायला कोणी यायचं नाही?"

"तू आलतास?"

"मला कळलंच नाही, साहेब. तुम्ही गेल्यावर कळलं."

"आधी कळलं असतं तर?"

मास्तर खिडकीकडं बघतात. बर्फाच्या पलीकडं स्टेडियम आहे. पायऱ्या माणसांनी भरल्या आहेत आणि सगळ्यांची तोंडं उघडी आहेत, पण आवाज नाही. मैदानाच्या मधोमध तालमीतलं तेच स्टूल ठेवलेलं आहे. त्यावर एक मुलगी बसली आहे, मोजा खाली करून.

"तुझी हाय न्हवं?" साहेब पलंगावरून विचारतात. "झ्याक हाय पोरगी. खेळती का आज?"

"अंगठा लावल्यावर ठरेल."

"अंगठा लावल्यावर," साहेब चाखल्यासारखे म्हणतात. "बरं. आणि समजा न्हाई खेळली. बदली कोण तुझ्याकडं?"

"प्राची."

"कशी हाय?"

मास्तरांना उत्तर माहीत आहे. काल रात्रीपासून माहीत आहे. ते तोंड घट्ट मिटून घेतात, पण स्वप्नात तोंडाचं काही चालत नाही.

"बुटकी आहे," ते म्हणतात.

साहेब हसत नाहीत. डोळे मिटून घेतात, काम झालेल्या माणसासारखे, आणि चादर हनुवटीपर्यंत ओढतात. चादर ओढल्याचा खसखसाट होतो.

वर्तमानपत्र खाली पडलं आहे. ऊन खाटेच्या पायाशी पोचलं आहे.

"अहो, उठा," मालन दारातून सांगते. "नंदू आलीय."

मास्तर उठून बसतात आणि पाय खाली सोडतात. धोतर गुडघ्याच्या वर सरकलेलं आहे. उजव्या गुडघ्याखाली, जिथं दिवस कलला की सूज साचते, तिथं एक खड्डा आहे. गोल, नितळ, खोल. ते बराच वेळ त्याकडं बघतात. मग आपला अंगठा त्यात ठेवून पाहतात. तो कडांना कुठं न घासता बसतो.

"सर, आलो मी!" नंदू कोल्हापूरच्या मुलींच्या रिवाजानं मुलासारखं म्हणते. चपला काढण्याआधीच बोलायला सुरुवात झालेली असते. "चला, लावा अंगठा पटकन. हसतो का न्हाई बघा. जोक पण सांगतो पाहिजे तर."

ती समोरच्या स्टुलावर बसते, मोजा खाली करते, पाय पुढं करते. गुडघा फार सुजलेला नाही. तिचं तोंड देवळातल्या मूर्तीसारखं शांत आहे. मास्तर हात पुढं नेत नाहीत. तिच्या वरच्या ओठावरच्या थेंबांकडं बघतात.

अजून कोणी हातही लावलेला नाही.

"मोजा वर कर," मास्तर म्हणतात.

"पास?"

"प्राची खेळेल."

नंदूला आधी चेष्टा वाटते. ती मालनकडं बघते, परत मास्तरांकडं बघते.

"अंगठा न लावता? हे कसलं आणि? सर, त्यांची नऊ नंबरची फॉरवर्ड केवढी उंच हाय माहीत हाय न्हवं? प्राचीच्या डोक्यावरनं जाईल ती."

"जाईल."

"आपण हरू."

"हरू."

"आणि ती मुंबईची माणसं? परत कधी यायची?" आता आवाज फुटतो. "सहा वरसं झाली सर, तुमच्या मागं फिरतो मी. घरात भांडून. एकदा अंगठा तरी लावा! मी हललो तर सांगा की!"

"तू हलणार नाहीस," मास्तर म्हणतात. "ते मला माहीत आहे."

ती उभी राहते. पिशवीतून आपली चार नंबरची जर्सी काढते आणि खाटेवर टाकते, त्यांच्या मांडीला लागेल अशी.

"तुम्ही मेलात तरी सोडणार न्हाई मी तुम्हाला," ती म्हणते. रडत नाही, ते तिनं त्यांच्याकडूनच घेतलं आहे. "वर येऊन इचारणार. का खेळवलं न्हाई म्हणून."

"ये," मास्तर म्हणतात. "पण चालत ये."

मालन तिला थांबवायला जाते. नंदू तिचा हात झिडकारून ताठ मानेनं दाराबाहेर पडते. सोप्याच्या पायऱ्यांवर, आता आपल्याला कोणी बघत नाही असं वाटल्यावर, ती भिंतीला हात लावते आणि एकेक पायरी उतरते.

मास्तर खाली बघतात. खड्डा अजून भरलेला नाही.