कै म्हणजे काय

"अण्णा, एक प्रॅक्टिकल बघा, मग मुलीला खुशाल न्या," फादर म्हणाले.

अळणावरकडचा तो शेतकरी शांताला बी.एस्सी. सोडवून घरी न्यायलाच आला होता. विजेच्या खोलीत पोरींचं काम काय, हे त्याचं म्हणणं.

विद्यानगरच्या आमच्या कॉलेजात फादर फिजिक्स शिकवत. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग लॅब. पांढऱ्या झग्याच्या एका खिशात जपमाळ, दुसऱ्यात टेस्टर. सुट्टीत ट्रंकेतून उपकरणं नेऊन खेड्यापाड्यांत प्रयोग दाखवायचे. मी त्यांची डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवणारी. सांगलीहून नुकतीच लग्न होऊन हुबळीत आलेली. कानडी शून्य, ऐट मात्र विभागप्रमुखाची.

"या मॅडम बघा. रोज हेच करतात." फादरांनी मला पुढे केलं. मी फुगलेच.

मशीन म्हणजे खांबावरचा धातूचा गोळा. आत पट्टा फिरतो, गोळ्यावर चार्ज साठतो. बटण बंद केलं तरी तो तिथेच ठाण मांडून बसतो. हे मीच वर्गाला शिकवायचे. त्या दिवशी बटण बंद केलं आणि फोटोला उभं राहावं तसा गोळ्याकडे हात नेला.

"कै तगी!" फादर ओरडले. घाईत त्यांच्या तोंडून कानडीच निघायचं.

"काय?"

"कै! कै!"

"अहो, काय काय?"

कानडीत कै म्हणजे हात, तगी म्हणजे काढ. हे ज्ञान मला ठिणगीसकट मिळालं. मी किंचाळून स्टुलावर आदळले.

शेतकरी पांढरा पडला. "देवी कोपली! बाईमाणसानं हात लावला ना! शांता, चल!"

"देवीला मध्ये आणू नका," फादर म्हणाले. "मॅडमनी डिस्चार्ज केलं नाही, एवढंच."

पाद्र्याच्या तोंडून हे? शेतकरी माझ्याहून जास्त हादरला.

तेवढ्यात शांतानं बापाच्या पकडीतून हात सोडवून घेतला. मशीन चालू केलं, बंद केलं. जमिनीशी तारेनं जोडलेला दांडा प्लास्टिकच्या मुठीला धरून गोळ्याला टेकवला. चट्ट! साठलेली वीज जमिनीत गेली. दांडा तिनं तसाच टेकवून ठेवला.

"अप्पा, आता लावा हात."

त्यानं डोळे मिटून बोट लावलं. मग अख्खा पंजा ठेवला. काही नाही.

"हिला हे येतं?"

"येतं," फादर म्हणाले. "मॅडमना आजपासून येईल."

शांता राहिली.

बटण बंद म्हणजे वीज गेली, असं समजू नये. आणि सासरची भाषा शिकायची तर अवयवांपासून शिकावी. मी त्याच संध्याकाळी शेजारच्या अक्कांकडे जाऊन बसले. सुरुवात हातापासून केली.