गॅस न देणारे साडूभाऊ

माणसांना झोपवायचा पगार घेऊन ती जागीच राहावीत म्हणून धडपडणारा प्राणी अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जंगलभागातल्या एका लहानशा दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी तोंडावर ईथरचा गॅस द्यायचं काम साडूभाऊंकडे. तो वास त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की पंगतीत शेजारी बसलेला माणूस आपली वरणाची वाटी हळूच दूर सरकवी. त्यांना ध्यास एकच. गॅस दिला की डोक्यातला रक्तस्राव वाढतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी वही घातलेली. डोक्याला मार लागून आलेल्या प्रत्येकाची नाडी, ईथरचे थेंब, रक्तानं किती बोळे भिजले, सगळं तिच्यात. एकदा खाटकाकडून बोकड आणून त्यालाही गॅस दिला, कवटी उघडून पाहिली, आणि मटण वाया कशाला घालवा म्हणून आळीभर वाटलं. घास कुणाच्याच घशाखाली उतरला नाही. माझ्या मेहुणीनं आठ दिवस अबोला धरला. साडूभाऊंनी वहीत शांतपणे लिहिलं, 'मांसाला वास येतो.'

मी आरमोरीला मास्तर. त्यांची थट्टा करायची एकही संधी मी सोडली नाही. ते म्हणत, "हस तू. पण गॅसमुळं एखादा मेला, तर त्याचं उत्तर मले द्यावं लागते, तुले नाई."

आणि मग आमचे सासरेच धानाच्या राखणीला बांधलेल्या माळ्यावरून पडले. त्यांना दोन मुली, मुलगा नाही. बैलगाडीतून मीच त्यांना दवाखान्यात आणलं. दुसऱ्या दिवशी ते गुंगीत जाऊ लागले. हाक मारली की तेवढं बोलत. डोक्यात रक्त साचत होतं आणि नागपूर गाठायला वेळ नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, कवटीला भोक पाडू, गॅस द्या. साडूभाऊ म्हणाले, नाही. शेवटी गॅसशिवाय, नुसतं कातडी बधिर करायचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन ठरलं. दुखलं तर आणखी इंजेक्शन देता येणार होतं, फक्त सासऱ्यांनी सांगायला हवं होतं. साडूभाऊ उशाशी बसले, मी पाय धरून उभा राहिलो.

"दुखते काय, बाबूजी?"

"नाई, जावईबापू. काईच नाई."

हा प्रश्न साडूभाऊंनी वीस वेळा तरी विचारला असेल. वीसही वेळा तेच उत्तर, त्याच अदबीनं. रक्त थोडंच गेलं. साडूभाऊंनी वहीत 'वेदना नाही' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आता हे नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचं, मग डोक्याच्या रोग्यांना सगळीकडे असंच कापतील, म्हणाले. इतके आनंदलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

नवव्या दिवशी सासरे तापानं गेले. तेरवी आटोपल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "लय दुखलं म्हणे त्याईले. जीव जाते का काय, असं झालं होतं. पण जावयासमोर कण्हाचं कसं, म्हणत होते."

हे साडूभाऊंना सांगू नये असं फार वाटलं. पण वही नागपूरला गेली असती, आणि उद्या कुणा दुसऱ्याचं डोकं असंच उघडलं असतं. मी सांगितलं. त्यांनी वही काढली, ते दोन शब्द खोडले, आणि एवढंच म्हणाले, "मी बाहेर जाऊन नर्सबाईले विचाराले लावाले पाहिजे होतं."

पण पायाशी मी होतो, तोही जावईच. त्या खोलीत सासऱ्यांचा स्वतःचा एखादा मुलगा उभा असता, तर म्हातारा पोटभर ओरडला असता.