वाकड्या पंखाचं विमान

ये बाई, अशी जवळ बस. बस म्हणते खरं, पण तू कुठली बसतीस! मागल्या खेपेला आलीस ती पायातली चप्पल न काढताच, अन् जाता जाता आढ्याला लटकलेलं विमान बघून फिसकन हसलीस. "आज्जे, हे कावळ्यानं आणून टाकलं का गं?" नात म्हणून गप बसले. दुसरं कुणी असतं तर पाणीसुद्धा विचारलं नसतं. आता त्याची गोष्ट ऐक, अन् मधी बोलू नको.

तवा आमचं बिऱ्हाड झरीला होतं. नामांतरावरनं सारा मराठवाडा पेटला होता ती सालं. माझा भाऊ हैदराबादला कामाला. महालक्ष्म्यांच्या आधी मला भेटायला निघाला, तर परभणीत उतरल्यावर कळालं, यष्ट्या बंद. थोडं कुणाच्या बैलगाडीत, थोडं पायी, असा धुळीनं माखून दारात आला. हातात लुगडं न्हाई, खण न्हाई, एक खोका. खोक्यावर ढगातनं चाललेलं निळं विमान. "ताई, तुझ्या आरासीला," म्हणाला, अन् दुसऱ्या दिवशी आल्या वाटंनं परत गेला.

एका घरात आमी दोघी जावा. लक्ष्म्यांपुढची आरास दरवर्षी धाकटी मांडायची, कारण ती दहावीपर्यंत शिकलेली. मी शाळेची पायरी चढले न्हाई. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. सही शिकले ती रेशनच्या दुकानात अंगठा द्यायची लाज वाटायची म्हणून. त्या साली सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "यंदा थोरलीला मांडू द्या." मला काय दम निघतो का? हापशावर पाणी भरता भरता साऱ्या गल्लीला सांगून बसले, यंदा माझ्या माहेरचं विमान लक्ष्म्यांच्या डोक्यावर उडणार हाय. झालं. माझी अन् माहेराची, दोघांची इज्जत त्या खोक्यात अडकली.

खोका उघडला तर आत विमान कुठाय! प्लास्टिकच्या काड्यांची एक जाळी, अन् तिला बारके बारके तुकडे लटकलेले, तुरीला शेंगा लागाव्यात तसे. सोबत चिकटायच्या औषधाची एक नळी अन् इंग्रजी कागद. आता शेतकऱ्याच्या घरातली बाई काय करंल? शेंगा खुडंल, काड्या फेकंल. मी सूप घेतलं, चुलीपुढं बसले अन् कटाकटा सगळे तुकडे मोडून सुपात टाकले. लय बरं वाटलं बघ. सूप हलवून मोठं एकीकडं केलं, बारकं एकीकडं. उरलेल्या काड्या सरपणासंगट चुलीत सारल्या. काळा धूर उठला तसं सासूबाई वसरीवरनं ओरडल्या, "काय जाळायलीस गं, चपला का?"

धाकटी समोरच मेथी निवडत बसली होती. हे ध्यानात ठेव.

दुपारी मी कागद तिच्यापुढं धरला. म्हणलं, "वाच."

"पाचला सहा चिकटवा म्हणतंय. मग त्यात अकरा बसवा."

"पाच कंचं?"

"आकडा बघा की, आक्का."

सूप आख्खं उलटंपालटं केलं. एकाही तुकड्यावर आकडा असंल तर शपथ. ती म्हणाली, "आकडे त्या काड्यांवर होते. दर तुकड्याच्या बाजूला एक."

"तुला कवा कळालं?"

"तुमी खुडत होत्या तवाच दिसलं की."

"मंग तोंडात काय मेथी कोंबली होती?"

"मला वाटलं, तुमच्या माहेरची वस्तू, तुमाला ठाऊक असंल." अन् पदर तोंडाला लावून हसली. वरनं खोक्यावरचं एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं: आठ वर्षांच्या वरच्या मुलांसाठी, अगदी सोपं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. सोपं? ज्यानं ते बनवलं त्याला माझ्यापुढं उभा कर, मी विचारते. आमी बियाणाच्या गाडग्यावर चुन्यानं खूण करतो, झाकणावर करत न्हाई. का? झाकणं बदलतात, गाडगं ऱ्हातं. एवढी अक्कल माझ्या अडाणी आईला होती. फेकायच्या काडीवर आकडा अन् ठेवायच्या तुकड्याचं कपाळ कोरं, हे कंच्या शाळेतलं शहाणपण?

तरी हटले न्हाई. वाकळ शिवताना चिंध्या जुळवतो तशी कडेला कड लावत गेले. पोटाचे दोन भाग बरोबर बसले. मला वाटलं, जमलं! मग पंख. दोन्ही पंख दिसायला एकसारखे, बैलाच्या दोन शिंगांसारखे. डावा कुठला, उजवा कुठला, कुणाला पुसू? धाकटीला पुसणं म्हणजे परत तो पदर बघणं. लावले. वाळल्यावर बघते तर एक आभाळाकडं, एक जमिनीकडं. ओढून काढायला गेले तर मुळातनं तडकला. नळीतलं औषध बोटांना लागून बोटं एकमेकांना चिकटली, ती सोडवता सोडवता कातडी निघाली. चाकं म्हणून जे लावलं ते गळून पडायचं, जे लावायचं नव्हतं ते मात्र हातालाच धरून बसायचं.

शेवटी ऱ्हायली पुढची काचेगत प्लास्टिकची खिडकी. ती तरी नीट बसवावी म्हणून अंगठ्यानं जोर देऊन दाबली. औषध खालनं पाझरलं, काच मऊ पडली, अन् माझा अंगठा तिच्यावर उमटला, रेघ न् रेघ. ज्या अंगठ्यापासनं सुटायला मी सही गिरवली, तो विमानाच्या तोंडावर जाऊन बसला! मी ते उचललं अन् अंगणात भिरकावलं. तुझे आजोबा बैल बांधून येत होते, बरोब्बर त्यांच्या पायापाशी पडलं. त्यांनी उचलून फुंकर घातली अन् म्हणाले, "उडालं की गं!"

दोन दिवस मी त्यांना भाकर वाढली, पण एक शब्द बोलले न्हाई.

पूजनाच्या दिवशी तडकलेला पंख दोऱ्यानं बांधला अन् विमान आढ्याला टांगलं. गल्लीला सांगून बसले होते, न टांगून जाते कुठं? सांजच्याला हळदीकुंकवाला बाया आल्या. शेजारची म्हातारी मान वर करून म्हणाली, "बगळा हाय का गं ह्यो?" सगळ्याजणी हसल्या. तेवढ्यानं मी काय मेले नसते. पण धाकटी पुढं झाली अन् म्हणाली, "आक्कांनी आकडे चुलीत घातले, मंग बगळाच व्हणार." अन् सुपापासनं अंगठ्यापर्यंत सारं रंगवून सांगितलं.

माझ्या हातात कुंकवाचा करंडा. तिच्याच कपाळाला बोट टेकवून मी म्हणलं, "आकडे जाळले मी. खरं हाय. मी शिकले न्हाई. पण डोळ्यांनी बघून जी गप बसली, ती दहावीपर्यंत शिकली."

सासूबाई म्हणाल्या, "सणाला तरी तोंडं आवरा." दोघींना म्हणाल्या, तेच मला जास्त लागलं.

विसर्जनानंतर आरास उतरवली, विमान मात्र मी उतरू दिलं न्हाई. घर बदललं, आढं बदललं, विमान सोबत आलं. लोक म्हणतात, वयानं राग निवतो. मला तर बाई, त्या पंखाकडं नजर गेली की आजबी हाताची बोटं चिकटल्यागत होतात. तुकडे बी पाच उरले होते. लवंगांच्या डबीत ठेवलेत. मागं तुझी धाकटी आजी बसायला आली होती. आता तिचेबी दात पडलेत. डबी उघडून एक तुकडा उचलला अन् म्हणाली, "आक्का, हे शेपटीचं असंल."

इतक्या वर्षांनी! मी म्हणलं, "ठेव खाली. चहा पी."

शेपटीचं असंलबी. तिचं खरंच असंल. पण तिच्या हातनं मला ते लावून घ्यायचं न्हाई, अन् माझ्या डोळ्यांना आता शेपूट दिसत न्हाई. तू परत ये. महालक्ष्म्या यायच्या आधीच ये, लवकर. येताना ते चिकटायचं औषध आण, अन् यंदा चप्पल दारात काढून निवांत बस. पाच तुकडे हायत.