चांगुणामावशीचा हातगुण

हे मी नीतालाही सांगितलेलं नाही. नीता माझी बायको, आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही — लपवलं तरी ती काढून घेतेच. पण हे नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा नाही सांगितलं. देवासमोर उभा राहिलो तेव्हा तर मुळीच नाही, तिथे मी भलत्याच गोष्टी मागत राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर कधीतरी माझ्याकडून कुकर घेतला असता, आणि गिऱ्हाइकासमोर माझ्या तोंडून खरं फारसं निघत नाही.

बोरीवली पश्चिमेला, मासळीबाजाराच्या अलीकडच्या गल्लीत माझं दुकान आहे. कुकर, मिक्सर, गॅसच्या शेगड्या. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी सुरू केलं. मूळचे आम्ही कणकवलीकडचे, त्यामुळे धंद्याची अक्कल रक्तात नव्हती, ती या गल्लीने शिकवली. आणि गल्लीने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे भवानी. सकाळची पहिली विक्री. भवानी झाल्याशिवाय उधार नाही, भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, आणि ती कोणाच्या हातून होते यावर दिवस कसा जाणार ते ठरतं. हसू नका. समोरचा मोबाइलवालाही पहिली नोट कपाळाला लावतो, आणि तो इंजिनिअर आहे.

आमच्या गल्लीत हातगुणाची बाई एकच — चांगुणामावशी. गोराईची कोळीण, सकाळच्या बोटीने पाटी घेऊन यायची. नवं दुकान निघालं की उद्घाटनाला नगरसेवक कोणीही असो, पहिली खरेदी मावशीची. चहाची गाळणी घेईल, रुमाल घेईल, पण पैसे रोख मोजून देईल आणि म्हणेल, "चाल तुजा धंदा." आणि चालायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं. मासे विकून मिळतो त्याहून मोठा मान तिला यात होता. आणि तो तिने कधी मिरवला नाही, हे मला आता जास्त लागतं.

तर हे सगळं सुरू झालं एका नाण्यापासून. अंधेरीहून एका कंपनीचा माणूस आला. पांढरा शर्ट, हळू आवाज, खुर्ची देऊनही उभाच राहिला. फोनवर त्यांचं अ‍ॅप घ्यायचं, त्यात रुपये भरायचे, रुपयांचं नाणं व्हायचं — क्रिप्टो, हातात न येणारं — आणि त्या नाण्याने माझ्याकडे बिल भरलं की वीस टक्के सूट. संध्याकाळी कंपनी मला त्याचे रुपये करून देणार, वर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे कमिशन. जाताना तो म्हणाला, "सेठ, लोकांना नाणं विकू नका. कुकर विका. नाणं आपोआप जाईल." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या मानेवर काटा आला. तरीही मी सही केली. काटा आला होता हे मला आजही आठवतं, म्हणून सांगतो — मला कळलं नव्हतं असं नाही.

सूट द्यायच्या आधी मी किमती वाढवल्या. हे सांगून टाकतो, म्हणजे मला सज्जन समजण्याची तुमची अडचण मिटली. पण हा तो गुन्हा नाही. हे सगळेच करतात.

बोर्ड लावला आणि — कोणी फिरकलं नाही. सूट दिसली की माणूस कसलंही नाणं घेईल असं त्या पांढऱ्या शर्टाला वाटत होतं. तो बोरीवलीत राहिलेला नाही. लोक थांबायचे, बोर्ड वाचायचे, आणि म्हणायचे, "सूट द्यायचीच आहे ना, मग रोखीत द्या." गुजराती शेजारीण तर म्हणाली, "दिनेशभाई, जे हातात येत नाही ते खिशातनं जातं कसं?" सवलतीने माणूस दुकानासमोर थांबतो, एवढंच. उंबरा ओलांडायला त्याला दुसऱ्या कोणाची तरी पाठ पुढे दिसावी लागते. ती पाठ कोणाची हवी, हे मला लगेच सुचलं. इतक्या लगेच का सुचलं? या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलेलं नाही.

मी मावशीला बोलावलं. म्हटलं, या नव्या प्रकाराची भवानी तू कर.

तिने नाही म्हणायचा प्रयत्न केला. फोन तिच्या मुलाने, जनार्दनने, मासे पोचवायच्या ऑर्डरी घ्यायला दिलेला. त्यावर बोट फिरवायलाही ती घाबरायची. "मना यातलं काय कलत नाय रं दिन्या," म्हणाली. पण भवानीला कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं, हा तिचाच नियम. मी तो वापरला. अ‍ॅप मी घातलं, बोट तिचं धरून मीच दाबलं, रुपये तिचे गेले आणि पाच लिटरचा कुकर तिच्या पाटीत बसला. सगळी गल्ली बघत होती.

मग काय विचारता? आठवड्याभरात रांग. मावशी पापलेट कापता कापता सांगायची, "मी घेतला, खरंच कमी परला." त्यात एक मेख होती. नाणी ठरावीक गठ्ठ्यातच घ्यावी लागायची, त्यामुळे बिल भागून काहीतरी उरायचंच. ते उरलेलं अ‍ॅपमध्ये राहायचं आणि रोज जरा वाढलेलं दिसायचं, हिरव्या आकड्यात. कुकरसाठी आलेली माणसं कुकर विसरली. माझ्या दुकानात येऊन काही न घेता फोन दाखवायची — हे बघा, आज एवढं झालं. आणि मग त्यात आणखी भरायची. मी हसायचो. 

मावशीनेही भरले. जनार्दनच्या होडीचं इंजिन दर खेपेला दगा द्यायला लागलं होतं, नवं घ्यायला तिने साठवलं होतं. वाढतंय तर वाढू दे, मासेमारीचा मोसम सुरू व्हायच्या आत काढू, असा तिचा साधा हिशेब. इंजिन असलं की होडी स्वतःची, नसलं की पोरगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. तिने मला हे सगळं सांगितलं होतं. मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

पावसाचा जोर ओसरू लागला तेव्हा कंपनीचे रुपये उशिरा यायला लागले. आज नाही, उद्या. उद्या नाही, सोमवारी. पांढऱ्या शर्टाचा फोन वाजायचा, उचलला जायचा नाही, मग त्याचा मेसेज यायचा — काळजी नको, फक्त थोडे दिवस कोणी काढू नका. अ‍ॅपमधले आकडे मात्र हिरवेच, उलट जोरात वाढत होते. तेच मला सगळ्यात भीतीदायक वाटलं. गिरणी बंद व्हायच्या आधी बोनस चांगला मिळाला होता, असं वडील सांगायचे.

त्यात मीही माझे पैसे भरले होते, ते काढून घेतले. दोनदा अडकले, तिसऱ्यांदा आले. सगळे नाही काढले — थोडे मुद्दाम राहू दिले. का, ते पुढे येईल.

आणि त्याच दिवसांत, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, मावशी दुकानात आली. पाटी बाहेर ठेवली, हात पुसले, फोन माझ्यासमोर धरला. इंजिन बघून ठेवलंय, म्हणाली.

"दिन्या, तू सांग. ठेवू का काढू?"

तिने सरळ विचारलं होतं. दुकानात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, माझ्यावर कोणाचा दाब नव्हता. आणि तिचे तेव्हा निघाले असते — एक-दोनदा अडकून का होईना, निघाले असते, माझे निघालेच होते ना? पण मावशीने काढले असते तर दुपारपर्यंत मासळीबाजाराला कळलं असतं, संध्याकाळपर्यंत गल्लीला, आणि सगळे एकदम काढायला धावले असते. कंपनीकडे माझं कमिशन अडकलेलं होतं. मी मनात एवढंच मोजलं. तेवढं मोजायला किती वेळ लागतो? तिचा फोन धरलेला हात खाली यायच्या आत झालं.

"ठेव गं," मी म्हणालो. "मोसम लागू दे, अजून वाढेल."

ती "बरं" म्हणाली आणि पाटी उचलून गेली. तुम्हाला वाटत असेल, झाला कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की माझं पाप एवढंच आहे.

अ‍ॅप एका सकाळी उघडलंच नाही. पांढरा पडदा, त्यावर एक गोल फिरणारं चक्र. दहाच्या सुमारास दुकानासमोर माणसं जमायला लागली. ओळखीची माणसं — ज्यांच्या लग्नांत मी जेवलोय. आधी हळू विचारत होती, मग आवाज चढले. कोणीतरी शटरवर हात मारला. मी माझा फोन काढून दाखवला: माझेही अडकलेत, बघा. ते मुद्दाम ठेवलेले थोडे, ते यासाठी होते. पण कोणी नीट बघेना. गल्लीतले रमणिकभाई पुढे आले आणि म्हणाले, "तू आणलंस हे. तू."

आणि मी घाबरलो.  तोंडातून काय निघालं?

"मी काय करणार? भवानीच धड लागली नाही."

बस. एवढंच. मावशीचं नावही घेतलं नाही मी — घ्यायची गरज नव्हती, भवानी कोणाची ते सगळ्यांनी पाहिलेलं.  मग मागून एक बाई म्हणाली, "हो ना, अलीकडे तिच्या हाताचं काही खरं नाही." दुसरीला आठवलं, आपल्या सुनेच्या पार्लरचीही भवानी मावशीनेच केली होती, तेही बंद पडलं. माझ्यावरचे डोळे बाजाराकडे वळले. मी वाचलो. ते वळताना मी पाहिलं, आणि मला — हे सांगताना लाज वाटते — हायसं वाटलं.

तक्रार झाली, पोलिस आले, मला त्यांनी फसलेल्यांच्या बाजूला बसवलं. कंपनीचा माणूस सापडला नाही. लोक आपापले पैसे विसरले नाहीत, पण माझ्याकडून पुन्हा कुकर घ्यायला लागले. मावशीकडून मात्र पहिली मासळी घ्यायला कोणी तयार होईना. आधी दुसरीकडून घ्यायची, मग हवं तर हिच्याकडून. ती दहा-साडेदहापर्यंत बोंबिलांवर पाणी मारत नुसती बसून असायची. मी येताजाता बघायचो. दुकानात जायला दुसरा रस्ताही आहे, पण तो लांब पडतो.

जनार्दन दुसऱ्याच्या बोटीवर जायला लागला होता. त्यानंतर एकदा मावशी दुकानात आली. मला वाटलं, आता हिला कळलं. आता ही मला गल्लीत उभं करून शिव्या घालणार — कोळिणीच्या शिव्या, ऐकल्यात कधी? मी त्याची वाटच बघत होतो म्हणा. ती आत आली, खाली बघत म्हणाली, "दिन्या, माज्या हातानं तुजं वाटोळं झालं. मनात ठेवू नको." तिचे स्वतःचे सगळे बुडाले होते, आणि ती माझी माफी मागायला आली होती.

बोलायची वेळ होती ती. एक वाक्य पुरलं असतं. हात तुझा नाही गं, जीभ माझी.

मी म्हणालो, "जाऊ दे मावशी. झालं ते झालं."

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला, मी काय केलं? तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला उदंड आयुष्य दे म्हणून आई एकवीरेला सांगितलं.

परवा माझ्या मुलीने, मृणालने, योगीनगरात केकचं छोटं दुकान काढलं. ती मावशीच्या हातचा जवळा-भात खाऊन वाढलेली, तिला हातगुणाचं गल्लीतलं बोलणं ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून मानत नाही. तिने हट्टाने मावशीला बोलावलं. मावशी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. पायरीशी थांबली. वर येईना. मृणाल हाताला धरून ओढायला लागली तशी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको गं बाय. माजा हात नको तुज्या धंद्याला."

मृणालने माझ्याकडे बघितलं. "बाबा, असं काय म्हणतेय मावशी?"

नीता तिथेच होती. जावई होता. मावशी माझ्याकडे बघतही नव्हती, तिला माझ्याकडून काही नको होतं.

"वय झालंय तिचं," मी म्हणालो.

मृणाल जराशी हिरमुसली. मग म्हणाली, "मग बाबा, तुम्हीच करा भवानी." मी खिशातून नोट काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि गल्ल्यात ठेवली.