बारा फोनांची पिशवी

बचत मोबाइलवर आणणाऱ्या कंपनीच्या माणसाने आमच्या बचत गटातल्या बारा बायांना फसवले. आधी आमच्या पैशांच्या पेटीला तीन कुलपे होती आणि किल्ल्या तीन घरांत असत. गावात नेटवर्क नाही, म्हणून बाराही फोन, मागे गुप्त आकडे चिकटवून, मीच त्याला दर आठवड्याला पैसे जमा करायला धानोऱ्याला न्यायला द्यायची. मोहफुलाच्या भावात रुपया न सोडणारी मी!

म्हातारी शेजारीण म्हणाली होती, "बाई, तिन्ही किल्ल्या एकालेच काऊन देऊन राह्यली?" मी तिच्यावरच खेकसले.

एका आठवड्याला तो फोन घेऊन गेला तो परतलाच नाही. बाराही जणींची बचत गेली, त्यात म्हातारीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसेही गेले. आता तिला दिसत नाही.

कंपनी म्हणते, आकडे तुम्हीच दिले. हो, दिले. पण त्याला आमच्या दारात कोणी पाठवले? कंपनीने त्या म्हातारीसमोर बसून उत्तर द्यावे.