न्हामबाईंच्या तिथ्या

न्हामबाईंना सत्तरावं लागलं तेव्हा गावाने त्यांना लाल रेशमी झगा चढवला, देवळाच्या पटांगणात मानाने बसवलं, फोटो काढले. इथवर ठीक होतं. घरी आल्यावर मुलाने, क्वेतने, जाहीर केलं, "आई, आता तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस. लोक मला काय म्हणतील?"

व्हिएतनाममध्ये नाम दिन्हकडच्या गावांत म्हाताऱ्यांना असंच जपतात. इतकी घातक माया दुसरी नसेल. त्यांची सायकल विकली. भाजीचा वाफा, बाजार, चूल, सगळं सुनेकडे, थाओकडे गेलं. न्हामबाई टीव्हीसमोर बसल्या. ऐकू कमी येई, लोकांना दोनदा बोलायला लावायची लाज वाटे, म्हणून शेजारीपाजारी जाणंही सुटलं.

या घरातल्या मेलेल्या माणसांच्या तिथ्या एकट्या न्हामबाईंच्या डोक्यात असत. सासरे, सासू, दीर, नवरा. त्या दिवशी पूर्वजांपुढे ताट वाढायचं, मग घरादाराने जेवायचं. त्या वर्षी नवऱ्याची तिथी आली आणि गेली. बोलावण्याची वाट बघून कंटाळलेली नणंद दुसऱ्या दिवशी फणफणत आली. "यंदा माझ्या भावाला उपाशी ठेवलंत का, वहिनी?"

न्हामबाई रडल्या नाहीत. नवऱ्याच्या फोटोपुढे नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची थोरली बहीण शेवटी पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. आपलंही तेच होणार, आणि मग यांना जेवू कोण घालणार, ही भीती त्यांच्या मनातून जाईना.

क्वेतने शहरातून शक्तीच्या गोळ्या आणल्या. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो डबा बाजूला सरकवला. रक्तदाब चढला होता, कानाला यंत्र लागणार होतं.

"यांचं काम का काढून घेतलंत?"

"मान म्हणून," क्वेत म्हणाला.

"मान कामासकट द्या. चालू दे, बाजारात घासाघीस करू दे, चार माणसांत बसू दे. खारट कमी. पुढे काही होणार नाही अशी खात्री मी देत नाही. पण रिकामं बसवून कुणाचं भलं होत नाही."

न्हामबाई पायी बाजारात जाऊ लागल्या. दुपारी शेजारच्या तुएतबाईंच्या ओसरीवर पत्त्यांचा डाव पडे.

"यंत्र घातलंस ते बरं झालं," तुएतबाई म्हणाल्या. "इतके दिवस माझ्या शिव्या फुकट जात होत्या."

"तू पत्ते लपवतेस ते बघायला यंत्र लागत नाही गं," न्हामबाईंनी परतफेड केली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा पातेलं चुलीवर राहून करपलं. थाओने ते घासून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी चूल पुन्हा सासूच्या हाती दिली.

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या तिथीला न्हामबाई कुणी न सांगता सकाळीच कोंबडी घेऊन आल्या. ताट वाढलं, उदबत्त्या विझल्या, सगळे चटईवर जेवायला बसले. नणंदेच्या पोटात अजून गेल्या वर्षीचा राग होता.

"आता पुढची कुणाची, वहिनी?"

न्हामबाईंनी वाटी खाली ठेवली. ओठ हलले, थांबले. क्वेतने वर्षभरात तिथ्या पाठ केल्या होत्या. त्याने तोंड उघडलं. थाओने त्याचा गुडघा घट्ट दाबला. रस्सा निवत गेला.

"तुझ्या आईची," न्हामबाई अखेर म्हणाल्या. "अकराव्या महिन्यात. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी."

नणंदेने आपल्या वाटीतला कोंबडीचा तुकडा उचलला आणि वहिनीच्या वाटीत ठेवला.